सेल्फ घेते पण स्टार्ट होत नाही: पंप उतरवण्याआधी एवढं बघा

दादा, तुम्ही लिहिलंय की टाटा ४०७ ट्रक आठ दिवस शेडमध्ये उभा होता, तेवढ्यात डिझेल फिल्टर बदलून घेतला आणि आता सेल्फ मारला की इंजिन दणक्यात फिरतं पण पेटत नाही. बॅटरी नवी आहे. मिस्त्री म्हणतो डिझेल पंप (नोझलना दाबाने डिझेल देणारा मुख्य पंप) उतरवून दुरुस्तीच्या लॅबला टाकू. निदान आज तरी पंपाला हात लावू देऊ नका. गाडी उभी करेपर्यंत जो पंप व्यवस्थित चालत होता तो उभ्या गाडीत सहसा अचानक जात नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची आणि तिच्यात डिझेलचा फवारा सोडायचा, एवढ्यावर ते पेटतं. इंजिन जोरात फिरतंय म्हणजे पहिला प्रश्न हाच की डिझेल आत पोचतंय का. त्याचं उत्तर सायलेन्सर देतो. एकाला सेल्फ मारायला बसवा आणि तुम्ही मागे उभे राहा. पांढरा धूर आणि डिझेलचा उग्र वास आला तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग सेल्फचा वेग, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवेचा बनणारा दाब), पंपाचं टायमिंग यांची पाळी येते. धूर मुळीच नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत आलेलंच नाही. तुम्ही स्पष्ट लिहिलंय की धुराचा मागमूस नाही. त्यामुळे कॉम्प्रेशनचं सध्या डोक्यातून काढा.

सगळ्यात आधी स्टॉपची केबल बघा. तुमच्या फोटोत इनलाइन (जुन्या पद्धतीचा यांत्रिक) पंप दिसतोय आणि गाडी बंद करायला खेचायची केबल आहे. पावसाळ्यात गाडी उभी राहिली की ती केबल गंजून आत अडकते. नॉब आत ढकलला तरी पंपावरचा लिव्हर बंदच्या जागी राहतो. बॉनेट उघडून तो लिव्हर हाताने हलवा, स्प्रिंगने खटकन मागे आला पाहिजे. एका मिनिटाचं काम आहे. मी स्वतः एकदा हे न बघता सगळी लाइन खोलली होती, अर्धा दिवस गेला.

लिव्हर ठीक असेल तर नव्वद टक्के एअर आहे, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरलीय. फिल्टरच्या डोक्याखाली बोट फिरवा. जुना रबर सील तिथेच चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसला तर कितीही आवळा, हवा आत येणारच. हे फार वेळा होतं. मग फीड पंपावरच्या (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हातपंपाची मूठ सैल करा, फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू दोन आटे सोडा आणि हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. तसंच मुख्य पंपावरच्या स्क्रूला करा. शेवटी मूठ परत घट्ट बसवा, नाहीतर तिथूनच हवा ओढेल. एवढं करूनही पेटली नाही तर नोझलकडच्या (सिलिंडरमध्ये फवारा सोडणारी तोटी) पाइपांचे दोन नट थोडे सैल करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. नटातून डिझेल उसळायला लागलं की आवळून घ्या. तोंड आणि हात लांब ठेवा. नोझलमधून सुटणारा फवारा कातडीत घुसतो आणि ती जखम वरून दिसते त्यापेक्षा फार वाईट असते.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये एक-दोन मिनिटं थांबा.

आता समजा एअर काढल्यावर गाडी पेटली, दोन मिनिटं चालली आणि पुन्हा गप्प झाली. माझी सहाचाकी इगतपुरीला अशीच अडली होती. लासलगावचा कांदा भरलेला, पहाटे मुंबईच्या बाजारात पोचायचं होतं. चहाला थांबलो आणि नंतर धरेचना. हातपंप मारला की चालू, कसाऱ्याकडे वळेपर्यंत बंद. टॉर्च घेऊन टाकीपासून पंपापर्यंत पाइप तपासला, कुठे एक थेंब ओल नाही. शेवटी क्लीनरने पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेतलं, तो इंजिनपेक्षा उंच धरला आणि फीड पंपाचा ओढणारा पाइप टाकीकडून सोडवून त्यात बुडवला. एअर काढली, गाडी पेटली ती बंदच होईना. म्हणजे दोष टाकी ते फीड पंप एवढ्यातच. पाइप आवळणारी पट्टी सोडवली तेव्हा तिच्याखालीच रबरी पाइपला केसाएवढी चीर सापडली. बोटभर तुकडा कापला, पट्टी नव्याने आवळली आणि निघालो.

ओल न दिसण्याचं कारण नीट लक्षात ठेवा. त्या बाजूला फीड पंप डिझेल ओढत असतो. चिरेतून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून कोरडा पाइप बघून तो चांगला आहे असं समजू नका. शंका असेल तर मध्ये हातभर पारदर्शक पाइप जोडा, बुडबुडे डोळ्यांना दिसतात. टाकी भरलेली असताना चालते आणि निम्म्यावर आली की अडते असं होत असेल तर टाकीच्या आतली नळी वरच्या बाजूला तडकलेली असते. आणि झाकण उघडताना सूऽऽ आवाज आला तर टाकीचा श्वास कोंडलाय, झाकणाचं भोक साफ करा. आठ दिवस पावसाळ्यात उभी होती, तर डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरखालचं पाणीही काढून घ्या.

इथे कोणीतरी पेट्रोलचा बोळा एअर फिल्टरला लावायचा सल्ला दिलाय. कृपा करून करू नका. पेट्रोल वेळेआधी पेटतं, रिंगा तुटतात, पिस्टन जातो. एअर काढायच्या कामासाठी इंजिन खोलायची वेळ येईल.

ज्यांच्याकडे बीएस-४ किंवा बीएस-६ कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारी) गाडी आहे त्यांनी वरचं नट सैल करण्याचं काम अजिबात करू नये. तिथे चालू इंजिनात दाब हजार बारच्याही वर जातो. त्या गाडीत सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का ते बघा. काटा मेलेला असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा) किंवा त्याच्या वायरवर संशय घ्या. काटा हलत असेल तर स्कॅनर लावून रेलचा दाब किती बनतोय ते वाचून घ्या, कारण ठरावीक दाब झाल्याशिवाय ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) नोझल उघडतच नाही.

तुमच्यासाठी क्रम तोच: लिव्हर, फिल्टरचा सील, एअर, मग कॅन. कॅनवरही धूर आला नाही तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह खोलून धुवा आणि इथे लिहा, मी रात्री नऊनंतर बघतो.