सीट पुढे सरकवण्याआधी : ट्रायथलॉनच्या सायकलबद्दल वाचकांचे प्रश्न

गोव्याची हाफ आयर्नमॅन (पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि धावणं अशी ट्रायथलॉन स्पर्धा) जवळ येऊ लागली की मला एकाच प्रकारचे मेसेज येतात. सायकलचा फोटो आणि खाली एक ओळ : ‘मॅडम, सीट किती पुढे घेऊ?’ फोटो बघून मी आकडा सांगत नाही. पण सगळ्यांचा गोंधळ एकच आहे, म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतले आहेत.

रोडबाइक आणि ट्रायबाइकच्या सीटच्या कोनात नेमका किती फरक असतो? (नाशिक)

सीटखालची नळी जमिनीशी जो कोन करते तो रोडबाइकला साधारण ७२ ते ७४ अंश, ट्रायबाइकला ७६ ते ८०. कोन जितका मोठा, तितके तुम्ही पॅडलच्या वर, पुढे बसता.

माझ्या रोडबाइकला दुकानदाराने एरोबार (कोपरं टेकून पुढे वाकायच्या दांड्या) बसवले आणि सीट तिच्या खालच्या रेलवर पूर्ण पुढे ढकलली. म्हणाला, ‘झाली ट्रायबाइक.’ पण ३० किलोमीटरनंतर मान आणि खांदे भरून येतात. सवय होईल का? (पुणे)

होणार नाही. सवय होण्याची वाटही बघू नका.

आधी कोन कशासाठी ते समजून घ्या. खुर्चीत ताठ बसा आणि एक गुडघा छातीकडे ओढा. आता पुढे वाकून तोच गुडघा पुन्हा ओढा. पोट दाबलं जातं, श्वास अडतो. एरोबारवर कोपरं टेकून पॅडल मारताना दर फेरीला हेच होतं, कारण खुब्याचा कोन आवळतो. तो मोकळा करायचा तर सगळं शरीर बॉटम ब्रॅकेटभोवती (पॅडलचे दांडे ज्या आसावर फिरतात तो भाग) पुढे फिरवावं लागतं, घड्याळाचा काटा फिरवावा तसं. १९८९च्या टूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँडने शेवटच्या टप्प्यात एरोबार वापरले आणि लोराँ फिन्याँला ८ सेकंदांनी हरवलं, तेव्हा जगाचं लक्ष या दांड्यांकडे गेलं. ट्रायथलॉनवाले ते आधीच वापरत होते, आणि डॅन एम्पफील्डसारख्या सायकल बनवणाऱ्यांनी त्यांच्यासाठी सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची नळी, जास्त उभी केली. तिच्याबरोबर सायकलचा पुढचा भागही बदलला, हे मात्र दुकानात कोणी सांगत नाही.

आता तुमचा हिशेब. सीट ७५ सेंटिमीटर उंचीवर असेल तर १ अंश म्हणजे जवळपास १.३ सेंटिमीटर. ७३वरून ७८वर जायचं तर सीट साडेसहा सेंटिमीटर पुढे हवी. रेलवर मधल्या खुणेपासून पुढे दोन-तीन सेंटिमीटर मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे ट्रायबाइक काही झालेली नाही. उलट सीट पुढे गेल्यामुळे ती पॅडलच्या जवळ आली. दर सेंटिमीटरला सुमारे ३ मिलिमीटर उंची वाढवायला हवी होती, ती बहुधा कोणी वाढवली नसणार. कोपरांखालचे पॅड होते तिथेच राहिल्याने धड आखूड जागेत कोंबलं गेलं आणि त्याचा भार खांद्यांवर आला. पुढच्या चाकावरही वजन वाढलं. रोडबाइकची ठेवण त्यासाठी नसते, त्यामुळे खंबाटकी उतरताना हँडल थरथरतं आणि एरोबार धरलेल्या हातांपाशी ब्रेक नसतात. मला सगळ्यात जास्त काळजी या उताराची वाटते. रेलवर छापलेल्या खुणेच्या बाहेर क्लॅम्प आवळला असेल तर रेल तुटूही शकते. ते आजच बघा.

सध्या सीट मध्यावर आणा, पॅड थोडे उंच करा आणि घाटात हात ब्रेकवर ठेवा. मग ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) बसवून, दोन्ही बाजूंनी व्हिडिओ काढून मोजमाप करणाऱ्या फिटरकडे जा. ७४-७५ अंशांवर नीट बसलेला माणूस ९० किलोमीटर आरामात काढतो.

ओळंबा सोडला की गुडघा पॅडलच्या आसाच्या बरोबर वर यायला हवा, असं ग्रुपमध्ये सांगतात. ट्रायबाइकवर माझा गुडघा पुढे जातो. (कोल्हापूर)

जाऊ दे. तो रोडबाइकचा ठोकताळा आहे. गुडघ्याच्या वाटीपुढे दुखत असेल तर आधी सीट खूप खाली आहे का ते तपासा. दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

८० अंशांवर बसलं की धावायला पाय ताजे राहतात, असं शोरूममध्ये सांगितलं. खरं का? (ठाणे)

अर्धं खरं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७३ आणि ८१ अंशांची तुलना केली होती. ८१ अंशांवर ४० किलोमीटर सायकल चालवल्यानंतरची १० किलोमीटर धाव जलद झाली. पण धावणारे मोजकेच होते, आणि नंतरचे सगळे निष्कर्ष एकाच दिशेचे नाहीत. एवढ्यावर लाखोंची सायकल विकणं मला पटत नाही. आधी आहे त्या सायकलवर फिटिंग करून घ्या, मग ठरवा.

दीड तासानंतर जांघेत बधिरपणा येतो. मित्र म्हणतात सगळ्यांनाच होतं. दोन महिने झाले. (मुंबई)

दोन महिने थांबायलाच नको होतं. बऱ्याच जणांना होतं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. पुढे झुकलं की ओटीपोट फिरतं आणि बसण्याच्या हाडांवरचा भार पुढच्या मऊ भागावर येतो. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. जाड जेलचं कव्हर घेऊ नका, ते उलट आत रुततं. सीटचं नाक एक-दोन अंश खाली करून बघा. जास्त केलंत तर पुढे घसराल आणि सगळा भार हातांवर येईल. बिननाकाच्या सीटही मिळतात. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांवर त्यांच्या चाचण्या झाल्या आहेत. दुकानदार चालवून बघायला देत असेल तरच घ्या. आणि उतरल्यानंतरही बधिरपणा टिकत असेल किंवा लघवीला, लैंगिक संबंधांत त्रास जाणवत असेल, तर सायकल बंद ठेवून याच आठवड्यात यूरोलॉजिस्टकडे जा. लाजू नका.

क्रँक (पॅडलचा दांडा) १७२.५ मिलिमीटरवरून १६५ केला तर? (बेंगळुरू)

उंची कमी असेल किंवा खुबा आवळत असेल तर चांगला उपाय. सीट साडेसात मिलिमीटर वर घ्यावी लागेल, त्यामुळे पॅडल वर असताना गुडघा खुब्याच्या मानाने १५ मिलिमीटर खाली राहतो. पॅडही पुन्हा लावावे लागतील, म्हणून हे फिटरसमोरच करा.

स्पर्धा नऊ दिवसांवर आहे. सीट एक सेंटिमीटर पुढे घेऊ का? (सातारा)

नको. सायकल खोलून पेटीत भरण्याआधी सीटपोस्टवर आणि रेलवर टेप लावून खुणा करा. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटपर्यंतची उंची मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. तिथे सायकल जोडताना तीच उंची पुन्हा मोजून बसवा.