नवीन घरातली शहाबादी आणि कोटा फरशी : सुरुवातीला एवढंच सांभाळा

शहाबादी, कोटा, कडप्पा, संगमरवर हे सगळे मुळात चुन्याचे दगड. आम्ल लागलं की ते विरघळतात. म्हणून लिंबू, व्हिनेगर, चिंच आणि संडास धुण्याचं अॅसिड फरशीपासून लांबच ठेवा. बांधकामाचे सिमेंटचे डाग काढायला गवंडी सर्रास अॅसिड ओततात. तुमच्याकडे अजून ओतलं नसेल तर आजच स्पष्ट नाही म्हणा. अॅसिडने पडलेला पांढुरका, खरखरीत चट्टा हा डाग नसतो, तिथला दगडच खाल्ला गेलेला असतो. तो पुसून जात नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं.

दगड कोणता हे कळत नसेल तर कपाटामागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका. बुडबुडे आले किंवा तिथली चमक गेली, तर तो चुन्याचाच.

रोजचं काम सोपं आहे:
- आधी झाडू, मग ओलं फडकं. बारीक वाळू फडक्याखाली घासली की पॉलिश जातं. दाराशी पायपुसणं हवंच.
- बादलीभर पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब पुरेत. जास्त झाला तर फरशी चिकट होते आणि धूळ धरते.
- तेल सांडलं तर पुसू नका, टिपा. वर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवा.

आणि अॅसिड व ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

सीलर (दगडात डाग मुरू नयेत म्हणून लावायचं द्रव्य), पॉलिशचे प्रकार सध्या राहू द्या. आधी महिनाभर नुसतं झाडून-पुसून बघा, फरशी छान राहील.