सूक्ष्मराष्ट्रांच्या सहकार संघटना खरोखर काही काम करतात का?

प्रश्न असा आहे: गाझियाबादच्या बनावट दूतावासाच्या बातमीत वेस्टआर्क्टिका, सेबोर्गा, लडोनिया अशी नावं वाचली. शोधल्यावर कळलं की या स्वयंघोषित देशांच्या, म्हणजे सूक्ष्मराष्ट्रांच्या, आपापसात सार्क, आसियानसारख्या प्रादेशिक संघटनाही आहेत. त्या खऱ्या असतात का, काय करतात, आणि मुंबईत राहून एखाद्या संघटनेत सामील होता येईल का?

माझं पोटापाण्याचं काम फोर्टमध्ये कागदपत्रांच्या अटेस्टेशनचं आहे. लोकांचे जन्मदाखले, पदव्या, विवाह प्रमाणपत्रं मंत्रालयातून, तिथून परराष्ट्र खात्याकडे आणि गरज असेल तर वकिलातीत न्यायची. एका देशाचा कागद दुसऱ्या देशाने मानायचा की नाही, एवढ्यावर माझं घर चालतं. त्यामुळे ज्यांचा कागद कुणीच मानत नाही अशा देशांचं मला जरा जास्तच कुतूहल आहे.

संघटना अस्तित्वात आहेत, काही बऱ्यापैकी जुन्याही आहेत. पण सार्क डोळ्यांसमोर ठेवून बघायला गेलात तर फसाल. सार्कमधले देश एकमेकांशी भांडले तरी देश म्हणून शिल्लक राहतात. इथे मात्र सदस्याला देशपण देण्याचं कामही संघटनेलाच करावं लागतं.

याचं मूळ 1933 च्या माँटेव्हिडिओ करारात आहे. राज्य कशाला म्हणावं याच्या चार अटी त्यात आहेत: कायमची लोकसंख्या, ठरलेला भूभाग, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. त्याच करारातलं तिसरं कलम म्हणतं की राज्याचं राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नसतं. या कलमावर सूक्ष्मराष्ट्रवाल्यांचा भारी जीव. लोकसंख्येच्या रकान्यात घरची माणसं बसतात, भूभागाच्या रकान्यात परसदार, आणि सरकार म्हणजे स्वतः. अडतं ते चौथ्या अटीवर, कारण खरे देश पत्राला उत्तर देत नाहीत. मग दोन सूक्ष्मराष्ट्रं एकमेकांना मान्यता देतात, तहावर सह्या करतात, आणि असे पाच-सहा तह झाले की कुणीतरी म्हणतं, चला, संघटना काढू.

ही हौस इंटरनेटच्याही आधीची आहे. अमेरिकेत मिलवॉकीला रॉबर्ट बेन मॅडिसन नावाच्या 14 वर्षांच्या मुलाने 26 डिसेंबर 1979 रोजी आपली झोपायची खोली ‘टलोसा’ नावाचं राज्य म्हणून जाहीर केली. त्यानंतर थोड्याच काळात तिथे ‘लीग ऑफ सेसेशनिस्ट स्टेट्स’ नावाचा संघही उभा राहिला. म्हणजे अशा संघाची कल्पना सार्कपेक्षा (1985) जुनी आहे! टलोसा आजही चालू आहे आणि त्यांनी स्वतःची भाषासुद्धा तयार केली आहे.

इंटरनेट आल्यावर संघटनांचं पेवच फुटलं. त्यातल्या बहुतेक अल्पायुषी निघाल्या आणि त्यांच्या मरण्याची तऱ्हाही साधारण सारखीच. घटना संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवरून उतरवलेली असते. महासचिव असतो, सुरक्षा परिषद असते, एखादं न्यायालयही. फक्त करायला काम नसतं. मग उरतं एकच काम, नवा सदस्य घ्यायचा की नाही हे ठरवणं. त्यावरून वाद, वादातून फूट, आणि फुटलेला गट दुसऱ्या दिवशी नवी संघटना काढतो, तीही तशीच सुरक्षा परिषद घेऊन.

या गर्दीत टिकलेलं नाव म्हणजे ‘ग्रँड युनिफाइड मायक्रोनॅशनल’, म्हणजे गम. स्थापना 19 जानेवारी 2009. बैठका आधी स्काइपवर, नंतर डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर. त्यांच्या सभेचं नावच ‘क्वोरम’ आहे. हे वाचून मला आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवली: गणपूर्ती होत नाही, अर्धा तास सभा तहकूब, आणि नंतर आहेत त्या चार माणसांत सगळे ठराव मंजूर. असो. गमचे सदस्य जगभर विखुरलेले आहेत. एकाच इंग्रजी गप्पाखोलीत बसणं हाच त्यांचा प्रदेश.

तुम्ही ‘प्रादेशिक’ म्हणता ते नीट लागू पडतं एका अजब ठिकाणी, जिथे कुणीच कायमचं राहत नाही. अंटार्क्टिका.

तिथलं गणित असं. 1959 च्या अंटार्क्टिक करारानुसार जुने दावे गोठवले गेले आणि नव्या दाव्यांना मनाई झाली. ब्रिटन, फ्रान्स, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चिली आणि अर्जेंटिना या सात देशांचे दावे आहेत. पण पश्चिमेकडचा मेरी बर्ड लँड हा अवाढव्य तुकडा कुणीच मागितलेला नाही. 2001 मध्ये ट्रॅव्हिस मॅकहेन्री या अमेरिकन माणसाने युक्तिवाद केला की करार राज्यांना बांधतो, व्यक्तींना नाही, आणि त्या तुकड्यावर वेस्टआर्क्टिका जाहीर केलं. 2008 मध्ये बेल्जियमच्या नील्स व्हर्मीर्शने त्याच किनाऱ्याजवळच्या पाच बेटांवर फ्लँड्रेन्सिस उभं केलं. असे आणखी काही दावेदार निघाल्यावर एकाच बर्फावर दोघांच्या रेघा येऊ लागल्या. ‘अंटार्क्टिक मायक्रोनॅशनल युनियन’ या संघटनेला अर्थ आला तो इथे. कुणाचा दावा कुठपर्यंत, कुणाला मान्यता द्यायची, नव्याने येऊन जुन्याच तुकड्यावर झेंडा लावणाऱ्याचं काय करायचं, हे तिथे ठरतं. खऱ्या सीमावादांत ज्या गोष्टी सुटत नाहीत त्या इथे सुटतात, कारण कुणाचंच काही जात नाही.

गंमत अशी की यातल्या काहींनी पुढे रोख बदलला. फ्लँड्रेन्सिसचा नागरिक व्हायचं तर बेटावर जायचं नाही, अशीच भूमिका आहे: तिथे माणूस नको, फक्त निसर्ग हवा. वेस्टआर्क्टिका अमेरिकेत ना-नफा संस्था म्हणून काम करतं आणि हवामानबदलावर बोलतं. 2015 मध्ये इटलीत, याकोपो फो यांच्या ‘फ्री रिपब्लिक ऑफ अल्काट्राझ’मध्ये सूक्ष्मराष्ट्रांची परिषद भरली, तिथे पर्यावरणाचा एक करारच झाला. त्याला कायद्याचं बळ शून्य. पण त्यात सही करणाऱ्याने स्वतःपुरतं काय करायचं ते ठरतं, आणि सगळी लोकसंख्या एका घरात मावत असेल तर अंमलबजावणी सोपी असते!

भाषेवर उभी राहिलेली फ्रेंचवाल्यांची ‘मायक्रोफ्रँकोफोनी’ मला सर्वांत आवडते. एग-मोर्त, एंजेलिस्तान आणि एलियांतिस या तीन सूक्ष्मराष्ट्रांनी ती सुरू केली. शिखर परिषदा 2016 मध्ये एग-मोर्तला, 2018 मध्ये व्हँसेनला आणि 2022 मध्ये ब्लेला झाल्या. एग-मोर्त हे दक्षिण फ्रान्समधलं तटबंदीचं खरं गाव. तिथल्या या गमतीदार संस्थानाने ‘फ्लामाँ’ नावाचं स्थानिक चलन काढलं आणि गावातल्या दुकानदारांनी ते घेतलंही. एंजेलिस्तानचा दावा तर क्षितिजावर आहे. क्षितिजावर! त्यांच्याशी सीमावाद कोण घालणार? या मंडळींना एकत्र ठेवते ती भाषा आणि थट्टा करण्याची समान रीत. मान्यतेचा घोळ त्यांच्याकडे दुय्यम आहे, म्हणून संघटना धडधाकट आहे असं माझं मत.

दर दोन वर्षांनी भरणारी ‘मायक्रोकॉन’ ही संघटना नाही, संमेलन आहे. पण प्रत्यक्ष काम पाहाल तर कुठल्याही महासचिवापेक्षा तिने जास्त केलं. 2015 मध्ये नेवाडातल्या मोलोसियाचे ‘राष्ट्राध्यक्ष’ केव्हिन बॉ यांनी कॅलिफोर्नियात अनाहाइमला पहिलं भरवलं. पुढे अटलांटाजवळ, मग कॅनडात हॅमिल्टनला, कोविडमुळे लांबलेलं 2022 मध्ये लास वेगासला, 2023 मध्ये एक अमेरिकेत आणि एक बेल्जियमच्या ईपरला, 2025 मध्ये माँट्रियलला. लोक गणवेश घालून, पदकं लावून येतात, निबंध वाचतात, भेटी देतात-घेतात. हेच बॉ अमेरिकेला भरलेल्या कराला ‘परकीय मदत’ म्हणतात. कर भरतात, हे महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियातल्या हट रिव्हरने 1970 मध्ये गव्हाच्या कोट्यावरून फारकत जाहीर केली आणि कर भरायला नकार दिला. न्यायालयाने 2017 मध्ये साधारण 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरायला सांगितले आणि 2020 मध्ये ते संस्थान बंद झालं. तेव्हा मदतीला कुठलीही संघटना उपयोगी पडली नसती.

सीलँड (इंग्लंडजवळच्या समुद्रातला जुना लष्करी मनोरा), लिबरलँड (डॅन्यूब नदीकाठचा तुकडा) अशी सूक्ष्मराष्ट्रांतली बडी नावं या संघटनांत तुम्हाला फारशी रमलेली दिसणार नाहीत, कारण त्यांचं लक्ष खऱ्या देशांकडे. 1978 मध्ये आपल्या ताब्यातला कैदी सोडवायला जर्मनीचा मुत्सद्दी आला म्हणजे जर्मनीने आपल्याला मानलं, असं सीलँड अजून सांगतं.

आता मुंबईचा प्रश्न, आणि इथे मी थोडा कडक होतो.

जुलै 2025 मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या एसटीएफने गाझियाबादला भाड्याच्या बंगल्यातल्या ज्या माणसाला पकडलं, त्याच्यावर बनावट पासपोर्ट, राजनैतिक पाट्या लावलेल्या गाड्या आणि परदेशी नोकरीच्या आमिषाने फसवणूक असे आरोप आहेत. वेस्टआर्क्टिकाने नंतर खुलासा केला की देणगी दिल्यावर त्याला मानद पद मिळालं होतं, पण दूतावास काढायचा अधिकार त्याला नव्हता. बघा, तिकडे जी थट्टा असते तिचा इकडे धंदा होतो. 2002 च्या सुमारास हजारो पाकिस्तानी लोकांनी स्वीडनमधल्या लडोनियाकडे नागरिकत्वासाठी अर्ज केले होते, तिथे राहायला जाता येईल या समजुतीने. लडोनिया म्हणजे समुद्रकाठचा खडकाळ तुकडा आणि लाकडाची शिल्पं.

खरा मानद कॉन्सुल कसा होतो, तर त्याचा देश नाव सुचवतो आणि भारत सरकार लेखी संमती देतं. 1963 च्या व्हिएन्ना करारात ही पद्धत आहे. मुंबईत असे खरे मानद कॉन्सुल बरेच आहेत. ती संमती नसेल तर बीकेसीत मजला भाड्याने घेऊन दारावर पितळी पाटी लावली तरी तो भाडेकरूच. त्यामुळे गाडीला निळी राजनैतिक पाटी, सरकारी दिसणारे शिक्के, अशोकस्तंभ, पासपोर्टसारखी पुस्तिका, यातलं काहीही करू नका. बोधचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध 2005 चा स्वतंत्र कायदा आहे. भारतातल्या जमिनीवर ‘वेगळं राष्ट्र’ जाहीर करायच्या फंदात तर पडूच नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 152 फुटीरतेला चिथावणी देण्याबद्दल आहे, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. गच्चीवरच्या गमतीला ते लागेलच असं नाही, पण ते पोलीस ठाण्यात समजावून सांगायची वेळ कशाला आणायची?

सामील व्हायचंच असेल तर संघटना सहसा व्यक्तींना घेत नाहीत, ‘देशांना’ घेतात. तेव्हा आधी असलेल्या एखाद्या सूक्ष्मराष्ट्राचं नागरिकत्व घ्या. वेस्टआर्क्टिका आणि फ्लँड्रेन्सिस दोघंही ऑनलाइन अर्जावर देतात. तुमचं भारतीय नागरिकत्व त्याने हलत नाही, कारण कायद्याच्या नजरेत ते दुसऱ्या देशाचं नागरिकत्वच नाही. पद, पदवी किंवा ‘कॉन्सुलशिप’साठी पैसे मागितले की थांबा. फ्रेंच येत असेल तर मायक्रोफ्रँकोफोनीवाल्यांचं लिखाण वाचा, त्यांची घोषणापत्रं इंग्रजीवाल्यांपेक्षा कितीतरी चटकदार असतात. येत नसेल तर मायक्रोकॉन पुढच्या वेळी कुठे भरतंय त्यावर नजर ठेवा. तिथे प्रेक्षक म्हणूनही जाता येतं. व्हिसा मात्र खऱ्या देशाचा लागतो.