प्रोजेक्ट उघडला, लेयर गायब!

प्रश्न: अंबाझरी अन् नागनदीचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) बनवला, प्रोजेक्टची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, पण कॉलेजात उघडली तर एकही लेयर (नकाशातला थर) दिसेना. बॅकअप कसा घ्यायचा? – एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर: अगं, घाबरू नकोस, घरच्या कॉम्प्युटरवर डेटा असेलच. क्यूजीझेड, म्हणजे प्रोजेक्टच्या फाइलमध्ये लेयर कुठं ठेवलेत त्याचा पत्ता, रंग, लेबलं एवढंच असतं, खरा डेटा बाहेरच राहतो, म्हणून सगळं एकाच फोल्डरात ठेव, प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये पाथ रिलेटिव्ह कर (म्हणजे डेटाचा पत्ता प्रोजेक्टच्या फाइलपासून धरला जातो) अन् अख्खा फोल्डर कॉपी कर. डेटा शेपफाइलमध्ये (एकाच नावाच्या अनेक फाइलींचा संच) असेल तर एसएचपीसोबत एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे या फाइलीही घे, यातच बहुतेक जण फसतात. जिओपॅकेज (अनेक लेयर एकाच फाइलमध्ये ठेवता येणारा प्रकार) असेल तर आधी क्यूजीआयएस बंद कर, मगच कॉपी. अन् कॉपी दुसऱ्या मशीनवर एकदा उघडून बघच.