क्रिकेटमधला सर्वात अजब विक्रम कोणता?

माझं मत बापू नाडकर्णींना. जानेवारी 1964, मद्रास कसोटी, समोर इंग्लंड. नाशिकच्या या डावखुऱ्या फिरकीपटूने लागोपाठ 21 षटकं निर्धाव टाकली, सलग 131 चेंडूंवर एकही धाव नाही! डावाअखेर आकडे असे: 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, 0 बळी. हो, बळी एकही नाही. एवढं करून हाती भोपळा, म्हणून तर हा विक्रम मला जास्त आवडतो. समोर बोलस आणि बॅरिंग्टन होते, दोघेही खेळपट्टीवर ठाण मांडणारे, त्यामुळे थोडं श्रेय त्यांनाही द्यायला हवं (प्रेक्षकांची दया येते ती वेगळीच).

सरावात बापू खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावरच चेंडू टाकत, असं सांगतात. कसोटी कारकिर्दीत षटकामागे दोनपेक्षाही कमी धावा दिल्या त्यांनी.

फक्त चेंडू मोजले तर दक्षिण आफ्रिकेचा ह्यू टेफील्ड पुढे आहे: 1957 मध्ये डर्बनला सलग 137. पण तिथे षटक आठ चेंडूंचं होतं, म्हणून निर्धाव षटकांच्या हिशेबात बापूच वर.

आणि नुसते कंजूष गोलंदाज समजू नका. त्याच मालिकेत कानपूरला त्यांनी नाबाद 122 धावाही केल्या होत्या.