फिल्टर घेण्याआधी : तेजोमेघांच्या फोटोंबद्दल वाचकांचे प्रश्न

दसरा जवळ आला, तापीकाठचं आभाळ निवळलं, की माझ्याकडे पत्रं सुरू होतात. गावं बदलतात, प्रश्न तोच : ‘नॅरोबँड फिल्टर कोणता घेऊ?’ दुर्बीण कोणती, कॅमेरा कोणता, फोटो कशाचा काढायचा, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. कोणत्या व्हिडिओत कोण काय म्हणालं, ते मात्र सविस्तर असतं. म्हणून यंदा एकत्रच उत्तरं देतो.

त्याआधी एवढं लक्षात असू द्या. तेजोमेघातला तापलेला वायू ठरावीक तरंगलांबींवरच उजळतो. हायड्रोजन-अल्फा ६५६.३ नॅनोमीटरवर, ऑक्सिजन-३ मुख्यतः ५००.७ वर, सल्फर-२ ची जोडी ६७१.६ आणि ६७३.१ वर. अशी प्रत्येक तरंगलांबी म्हणजे एक ‘रेषा’. नॅरोबँड फिल्टर त्या रेषेभोवतीची अरुंद पट्टी आत सोडतो आणि बाकीचं अडवतो; ३ किंवा ७ नॅनोमीटरचा म्हणजे तेवढ्या रुंदीची पट्टी. तो उजेड वाढवत नाही.

देवयानी दीर्घिकेसाठी हायड्रोजन-अल्फा फिल्टर चालेल का? (धुळे)

नाही. दीर्घिकेचा उजेड ताऱ्यांचा, म्हणजे सगळ्या रंगांत पसरलेला. तिच्यातले लाल ठिपके, म्हणजे हायड्रोजनचे तेजोमेघ, वेगळे टिपून रंगीत फोटोत मिसळता येतात, पण ते नंतरचं काम.

३ नॅनोमीटरचा घ्यावा की ७ चा? दुकानदार म्हणतो, ३ चा ‘प्रोफेशनल’ आहे. (भुसावळ)

दुकानदाराला म्हणावं, प्रोफेशनल माणूस आधी दुर्बिणीचा एफ-अंक (नाभीय अंतर भागिले भिंगाचा व्यास) विचारतो.

रेषेचा उजेड दोन्ही फिल्टरांतून जवळपास सारखाच येतो. फरक पडतो मागच्या आकाशात. शहराच्या उजळ आकाशात ७ ऐवजी ३ लावला तर पार्श्वभूमी साधारण ३/७ वर येते. म्हणजे तेवढ्याच दर्जाच्या फोटोला निम्म्याहून कमी वेळ पुरतो. आणखी एक गोष्ट : हायड्रोजन-अल्फाच्या शेजारी ६५८.४ वर नायट्रोजनची रेषा आहे. ७ चा फिल्टर तीही आत घेतो, ३ चा बहुतांशी गाळतो. बिंबाभ्रिकांमध्ये (मरत्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूच्या कवचांमध्ये) ही रेषा जोरदार असते, तेव्हा तिथे ७ चा फिल्टर काही तोट्याचा नाही.

आता दुसरी बाजू. आकाश इतकं काळं झालं की छोट्या एक्स्पोजरमध्ये कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वरचढ ठरतो. पाच-पाच, दहा-दहा मिनिटांची एक्स्पोजर द्यावी लागतात. तुमचं गायडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण त्याच्यामागे फिरवत राहणं) दोन मिनिटांत तारे लांबुळके करत असेल, तर ३ चा फिल्टर कपाटात राहणार. आधी माउंट, म्हणजे दुर्बीण फिरवणारी बैठक, नीट करा. गायडिंगचा आलेख आणि एक मूळ फाइल पाठवा, मग आकडा सांगतो.

माझा साधा डीएसएलआर आहे, काही बदल केलेला नाही. पहिला फिल्टर कोणता? (चोपडा)

कोणताच नाही. कॅमेऱ्यात सेन्सरपुढे कंपनीने बसवलेली काच हायड्रोजन-अल्फाचा मोठा भाग आधीच अडवते. त्यावर नॅरोबँड लावणं म्हणजे बंद दारावर जाळी बसवणं. ती काच बदलून मिळते, पण वॉरंटी जाते, दिवसाच्या फोटोंचे रंग बिघडतात आणि ऑटोफोकस सरकू शकतो. ज्याने हे काम आधी केलंय अशा तंत्रज्ञाशी बोला. गावातल्या मोबाइल-दुरुस्तीवाल्याकडून सेन्सर उघडवू नका. तोवर मृगातला मोठा तेजोमेघ विनाफिल्टर टिपा, तो इतका तेजस्वी आहे की निराश करणार नाही.

जळगावात घराच्या गच्चीवरून फोटो काढतो. चौकात हायमास्ट आहे. ‘लाइट पोल्युशन फिल्टर’ घेतला तर सातपुड्यासारखं आकाश मिळेल, असं ग्रुपवर वाचलं. खरं का? (जळगाव)

खोटं. आणि हे मला दर हंगामात परत परत लिहावं लागतं, म्हणून आज सविस्तर.

हे फिल्टर ज्या काळात जन्मले, त्या काळात रस्त्यावर सोडियमचे पिवळे आणि पाऱ्याचे निळसर दिवे होते. सोडियमचा उजेड बराचसा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास गोळा झालेला असतो, पाऱ्याचाही मोजक्या रेषांत. तेवढा भाग कापा, बाकीचा सोडा. युक्ती सरळ होती आणि चालत होती. २०१५ पासून देशभर रस्त्यांवर एलईडी बसवण्याची मोहीम सुरू झाली. पांढऱ्या एलईडीत ४५० च्या आसपास निळा उंचवटा असतो आणि त्यापुढे हिरव्यापासून लालपर्यंत सलग पसरलेला उजेड. कापायला मोकळी जागाच नाही. शंभर नॅनोमीटर आत सोडणारा फिल्टर तुमच्या चौकातला हायमास्टही शंभर नॅनोमीटरभर आत सोडतो. फोटोला एक विचित्र हिरवट झाक येते, तिला लोक सुधारणा समजतात.

एलईडीपुढे चालतं ते एकच : पट्टी अरुंद करत जाणं. ४०० ते ७०० पर्यंतचा उजेड ३०० नॅनोमीटरचा, त्यातले ३ घेतले तर आकाशाचा ढोबळ मानाने शंभरावा भाग उरतो. म्हणून भर जळगावातून एकशृंगी तारकासमूहातला रोझेट तेजोमेघ खरोखर सुंदर येतो. पण तो वायूचा तेजोमेघ आहे म्हणून. कृत्तिकांभोवतीचं निळं धुकं म्हणजे धुळीवरून परतलेला ताऱ्यांचाच उजेड. ते फिल्टरने हायमास्टपासून वेगळं करता येत नाही, कोणत्याही किमतीचा घ्या. त्यासाठी गाडी काढून तोरणमाळच गाठावं लागतं, किंवा निदान पालच्या बाजूला सातपुड्याच्या कुशीत.

आता विक्रीची तऱ्हा. जाहिरातीतले ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो एकाच रात्रीचे, एकाच एक्स्पोजरचे असतात का, विचारून बघा, उत्तर क्वचितच येतं. ‘चार पट्ट्यांचा फिल्टर’ म्हणून विकला जाणारा बहुतेक वेळा दोनच रुंद खिडक्यांचा असतो. एका खिडकीत ऑक्सिजन आणि हायड्रोजन-बीटा, दुसरीत हायड्रोजन-अल्फा आणि सल्फर. रेषा चार, म्हणून नाव चारचं. खिडकीतल्या दोन रेषांच्या मधून आलेला हायमास्ट मोजायचा नाही, असा हा हिशेब. ‘९० टक्के पारगमन’ (रेषेचा किती उजेड आरपार जातो) मोठ्या अक्षरात छापतात, पण पट्टीबाहेरचं किती अडवतो ते छापत नाहीत. सेन्सरला १००० नॅनोमीटरच्या आसपासचं अवरक्तही दिसतं, त्यामुळे तिकडून गळती असेल तर अरुंद पट्टी कागदावरच राहते. विक्रेत्याकडून पूर्ण आलेख मागा, तोही अवरक्तापर्यंतचा. देत नसेल तर दुसरा विक्रेता बघा.

आणि फिल्टरच्या आधी नगरसेवकाला गाठा. हायमास्टचा उजेड खाली पडायला हवा, तुमच्या गच्चीत नाही. दिव्यांचा कोन खाली करणं, आडोसा लावणं, बदलीच्या वेळी ३००० केल्विन किंवा त्याहून उबदार रंगाचा दिवा मागणं, एवढं लेखी द्या. शेजाऱ्यांच्याही सह्या घ्या. डोळ्यावर उजेड येऊन झोप न येणारे निम्मे निघतात. फिल्टर एका माणसाचं भागवतो, तेही फक्त लाल तेजोमेघांपुरतं.

रंगीत कॅमेऱ्याला दुहेरी पट्टीचा फिल्टर घेऊ, की मोनो कॅमेरा आणि तीन वेगळे फिल्टर? (शिरपूर)

हातात रंगीत कॅमेरा असेल तर दुहेरी पट्टीचा घ्या आणि दोन हंगाम त्यावर काढा. रंगीत सेन्सरच्या दर चार पिक्सेलांत लाल एकच, त्यामुळे हायड्रोजन-अल्फा एकावर पडतो. ऑक्सिजन हिरव्या आणि निळ्या मिळून तीनांवर पडतो. मोनोत, म्हणजे कृष्णधवल कॅमेऱ्यात, चारही पिक्सेल कामाला लागतात, पण फिल्टरचं चक्र, तीन वेगळे फोकस, धुळीचे डाग आणि कडेचा अंधार काढायला तीन वेगळ्या फ्लॅट फ्रेम, हे सगळं गळ्यात येतं.

हबल अवकाश दुर्बिणीच्या फोटोंसारख्या छटा हव्यात म्हणून सल्फरचा फिल्टर मागताय, असं तुमच्या पत्रात शेवटी आहे. १९९५ च्या ‘निर्मितीचे स्तंभ’ या प्रसिद्ध चित्रात सल्फर लाल, हायड्रोजन हिरवा आणि ऑक्सिजन निळा दाखवला आहे. ती वाटणी माणसाने केलेली. सल्फरची रेषा बहुतेक तेजोमेघांत सर्वांत फिकी, म्हणून तो फिल्टर शेवटी घ्या.

५० मि.मी.च्या लेन्सवर एफ/१.८ ला ३ नॅनोमीटरचा फिल्टर लावला. फोटो फिका, कडा तर काळ्याच. फिल्टर खराब निघाला, आते काय करू भाऊ? (अमळनेर)

फिल्टर चांगला असावा, जोडी चुकली. असे फिल्टर काचेवरच्या पातळ थरांमध्ये होणाऱ्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणावर (एकमेकींत मिसळण्यावर) चालतात. किरण तिरका आला की पट्टी निळ्या बाजूला सरकते. एफ/५ ला सर्वांत तिरक्या किरणासाठी हे सरकणं एक नॅनोमीटरच्या आतबाहेर असतं, एफ/२ ला चार-पाचाच्या घरात. ३ नॅनोमीटरची पट्टी तेवढी सरकली की रेषा बाहेर राहते. शिवाय फिल्टर लेन्सच्या पुढे लावला असेल, तर कडेचं आकाश मुळातच तिरकं येतं. लेन्स एफ/४ वर बंद करा, फिल्टर लेन्सच्या मागे बसवता येतो का बघा. वेगवान, म्हणजे लहान एफ-अंकाच्या, दुर्बिणींसाठी पट्टी आधीच सरकवलेले खास फिल्टर मिळतात, पण ते मंद दुर्बिणीवर उलटे पडतात. परत करण्याआधी लेन्सचं नाव आणि फिल्टर कुठे बसवला त्याचा फोटो पाठवा.

पौर्णिमेलाही नॅरोबँडवर काम चालतं म्हणे? (पाचोरा)

हायड्रोजन-अल्फा आणि सल्फरवर चालतं, चंद्रापासून लांबचं लक्ष्य धरा. ऑक्सिजनवर नाही, चांदण्याचं आकाश निळसर असतं आणि ५००.७ त्याच्या जवळ पडतं. ऑक्सिजन अमावस्येच्या आठवड्याला राखून ठेवा.

हायड्रोजन-अल्फा फिल्टर दुर्बिणीला लावून सूर्याच्या ज्वाला बघता येतील ना? मुलांनाही दाखवायच्या आहेत. (नंदुरबार)

नाही. अजिबात नाही. हे उत्तर वाचेपर्यंत दुर्बीण सूर्याकडे वळवली असेल तर आधी ती झाका.

सूर्याच्या हायड्रोजन-अल्फा यंत्रणेची पट्टी ०.१ नॅनोमीटरहूनही अरुंद असते आणि तिच्याआधी उष्णता व बाकीचा उजेड अडवणारा फिल्टर असतो. तुमचा तेजोमेघांचा फिल्टर त्याच्या कितीतरी पट रुंद, शिवाय नेत्रिकेजवळ (डोळा लावतो त्या भिंगाजवळ), जिथे सगळी उष्णता एकवटते. काच तडकू शकते. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होताना कळणारही नाही. धूसर ठिपका काही तासांनी दिसायला लागतो. कोणी पाहिलं असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या. मुलांना दाखवायचंच असेल तर दुर्बिणीच्या तोंडावर पूर्ण बसणारा प्रमाणित सौर फिल्टर आणि जाणकार माणूस, दोन्ही सोबत हवेत.

फिल्टरवर बुरशीसारखे डाग दिसतात. रुमालाने पुसले तर? (रावेर)

रुमाल ठेवा खिशात. केळीच्या पट्ट्यात रात्री पाणी चालू असतं, दव पडतं, आणि फिल्टर ओल्या डबीत बंद होतो. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग लेन्ससाठीच्या कागदावर थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने. डबीत सिलिका जेल ठेवा. डाग कडेकडून आत सरकत असतील तर थर सुटतोय, त्याला हात लावू नका. उत्पादकाला फोटो पाठवा.

दिवाळीच्या सेलमध्ये स्वस्त होतील म्हणून थांबलोय. गेल्या वर्षीही थांबलो होतो. वापरलेला घ्यावा का? (चाळीसगाव)

गेल्या वर्षी काय वाचवलंत? हंगाम गेला. मृग आणि एकशृंगी फेब्रुवारीपर्यंत सोयीचे, नंतर ते संध्याकाळीच पश्चिमेला कलतात. धनूतला लगून तेजोमेघ आपल्या अक्षांशावरून ४५ अंशांपर्यंत चढतो. लंडनवाल्याला तो १४-१५ अंशांवर मिळतो, तेव्हा तिकडच्या व्हिडिओत ‘अवघड लक्ष्य’ म्हटलं तरी तुम्ही सोडू नका. पण त्याची सोयीची वेळ एप्रिल-मे. तेव्हा आपल्याकडे रात्रीही पारा ३० च्या आसपास अडकतो आणि सेन्सर हवेपेक्षा ३५ अंश खाली नेणारा कॅमेरा उणे ५ वरच थांबतो. जूनमध्ये ढग आलेच.

वापरलेला जरूर घ्या. दोन अटी : उजेडात तिरका धरून थरावर ओरखडे आणि कडेला सुटलेपणा बघा, आणि विकणाऱ्याकडून मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांपैकी पूर्वेकडच्या ताऱ्याचा त्याच फिल्टरने काढलेला फोटो मागा. त्या ताऱ्याभोवती मोठं गोल वलय दिसलं तर त्याच्याशेजारच्या हॉर्सहेडचा (घोड्याच्या डोक्यासारख्या काळ्या मेघाचा) फोटो कायमचा बिघडणार, सौदा सोडा. वलय नसेल तर पैसे देण्याआधी फिल्टरचा व्यास, तुमच्या दुर्बिणीचा एफ-अंक आणि सेन्सरचा आकार मला कळवा. सव्वा इंची फिल्टर मोठ्या सेन्सरचे कोपरे कापतो, आणि वापरलेला माल परत होत नाही.