सहाव्या महिन्यात कॉर्टिसॉलची टेस्ट करायची का?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. बायकोले सहावा महिना, बोंडअळीनं कपाशी गेली, सोसायटीचं कर्ज थकलं, ती रात्र रात्र जागून राहिली, आणि तुम्ही मोबाईलवर पाहिलं की टेन्शननं अंगातलं कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढते न बाळाचा मेंदू खराब होते, म्हणून यवतमाळले नेऊन टेस्ट करू का म्हणता. मी उपकेंद्रावर सिस्टर होती, आता रिटायर आहे. माझं म्हणणं, नुसत्या टेन्शनसाठी ही टेस्ट नका करू.

गरोदरपणात कॉर्टिसॉल तसंही वाढतेच, शेवटच्या तीन महिन्यांत दुप्पट-तिप्पट होते. लॅबच्या कागदावरची नॉर्मल रेंज गरोदर नसलेल्यांची असते, म्हणजे रिपोर्ट 'हाय' येणार न ती बिचारी अजून घाबरणार. आणि आईचं सगळं कॉर्टिसॉल बाळापर्यंत जातही नाही, वारेत एक एन्झाइम असते ते बरंचसं निकामी करून टाकते. थोडं तर बाळाले लागतेच, फुप्फुसं तयार व्हायले. दिवस भरायच्या आधीच कळा आल्या तर डॉक्टर डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देतात ते त्याच्यासाठीच.

पण म्हणून टेन्शनचं काहीच होत नाही असंही नाही. महिनोन्‌महिने झोप नाही, पोटात अन्न नाही, घरात रोज धाक, अशा बायकांमध्ये बाळंतपण लवकर होणं, बाळाचं वजन कमी भरणं जास्त दिसते. एका दिवसाच्या रडण्यानं मेंदू खराब होत नाही, हे तिले आजच सांगा.

मले खरी काळजी बाहेरून जाणाऱ्या गोष्टींची वाटते. कंबर दुखते म्हणून कोणाकडून तरी आणलेल्या बिननावाच्या पुड्या, त्यात बरेचदा स्टेरॉइड असते, म्हणजे कॉर्टिसॉलचाच भाऊबंद. एक बाई यायची माझ्याकडे, चेहरा गोल टरारलेला, पोटावरच नाही तर दंडावर, मांडीवरही बोटभर रुंद जांभळे पट्टे, उकिडवं बसली की हात टेकल्याशिवाय उठता येत नव्हतं, बीपी वाढलेलं. पदराच्या गाठीतून तिनं पेपरच्या तुकड्यात बांधलेल्या गोळ्या काढून दाखवल्या. तशी लक्षणं दिसली तर मात्र डॉक्टर स्वतःच कॉर्टिसॉल तपासायले सांगतील, कारण शरीरात खरोखरच जास्त झालं तर बीपी, शुगर वाढते न बाळंतपण लवकर होते. गजकर्णाच्या न गोरं व्हायच्या बऱ्याच ट्यूबमध्येही जोरदार स्टेरॉइड असते, मेडिकलमधून मनानं आणून अंगभर चोपडू नका. पण दमा वगैरेसाठी डॉक्टरनं लिहून दिलेलं स्टेरॉइड असंन तर ते आपल्या मनानं एकदम बंदही करायचं नाही, ते जास्त धोक्याचं.

आणि ज्येष्ठमध. खोकल्यासाठी घरोघरी रोज काढा करतात, पण त्यातलं ग्लिसिरायझिन वारेतल्या त्याच राखणदार एन्झाइमले दाबून टाकते. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या-मिठाई लोकं खूप खातात, तिथं गरोदरपणी भरपूर खाणाऱ्या बायांची मुलं मोठी झाल्यावर तपासली तर बुद्धीच्या चाचण्यांत सरासरीनं मागे दिसली. एखाद वेळी चघळलं तर काही नाही, रोजचा काढा मात्र बंद करा.

बाकी आता तुमचं काम. वसुलीवाला आला की त्याच्याशी तुम्ही बोला, तिच्यासमोर कर्जाचा हिशोब नका काढू. पाण्याचे हंडे तिच्या डोक्यावरून उतरवा. दुपारी तासभर आडवं पडू द्या, सासूबाई काही बोलल्या तर मधात तुम्ही पडा, लोकं काय म्हणतील ते म्हणतील. पंधरा दिवसांवर उदासी राहिली, जेवण सुटलं, जिवाचं बरंवाईट करायच्या गोष्टी करू लागली तर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

टेस्टचा पैसा वाचवा न येत्या 9 तारखेले तिले सरकारी दवाखान्यात न्या, त्या दिवशी गरोदर बायांची तपासणी मोफत असते. बीपी, हिमोग्लोबिन, वजन न ग्लुकोजचं पाणी पाजून करतात ती शुगर, एवढं करून घ्या. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहऱ्यावर सूज आली, रक्त किंवा पाणी गेलं, नाहीतर बाळ कमी फिरतं वाटलं तर 9 तारखेची वाट नका पाहू, तेव्हाच 102 नाहीतर 108 ले फोन करा. आणि कार्डावर मागचं बीपी किती लिहिलं आहे ते मले कळवा.